बोर्डिंगची ओली भिंत

ओल मोजायच्या मीटरने बारीक शिट्टी मारली आणि आकडा स्केलच्या बाहेर गेला. मी पिना काढल्या, दोन फूट बाजूला सरकले, पुन्हा टोचल्या. पुन्हा तेच. एप्रिलचा महिना, सकाळचे आठ. पाऊस यायला दीड महिना अवकाश होता. आणि माझ्या मीटरच्या मते पहिल्या मजल्यावरची ही भिंत पाण्यात भिजत पडली होती.

"फादर, या भिंतीतून पाइप कुठला जातो?" मी विचारलं.

"पाइप नाहीच मॅडम. वरच्या मजल्यावर नळ कधीच नव्हता. बाथरूम सगळी खाली, मागे."

"मग छप्पर गळतंय."

"आत्ता?" फादर म्हणाले आणि वर बघायला लागले. वर कौलं होती आणि त्यांच्या फटीतून चांगलं कोरडं ऊन येत होतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारतींची डॉक्टर म्हटलं तरी चालेल, फक्त माझे पेशंट बोलत नाहीत आणि त्यांचे नातेवाईक फार बोलतात. ऑफिस भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये, घर सिल्व्हर पार्कला. तीस वर्षांच्या वरच्या इमारतींना ऑडिट करून घ्यावं लागतं आणि आमच्याकडे अशा इमारतींना तोटा नाही. ऑडिटच्या शेवटी आम्ही इमारतीला एक वर्ग देतो. सी-वन म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-टू-बी म्हणजे माणसं आत राहू देत, दुरुस्ती करा. या दोन शब्दांमध्ये लोकांची घरं अडकलेली असतात, म्हणून मी ते लिहिताना पेन दोनदा खाली ठेवते. त्या वेळी ठेवलं नाही, तीच ही गोष्ट.

इमारत भाईंदर पश्चिमेला, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथे धर्मगुरूंनी मुलांची बोर्डिंग शाळा काढली. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक आहे ती माझी आहे आणि उगाच त्यांचं नाव त्यात नको. खाली दगडी बांधकाम, वर चुन्यातल्या भिंती, सागवानी तुळया, फळ्यांची जमीन. खाली अभ्यासाचा हॉल, वर एकच लांबलचक झोपायची खोली. शाळा आता बाजूच्या नव्या बिल्डिंगमध्ये भरते. जुन्या इमारतीत हॉस्टेल आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची बेचाळीस मुलं तिथे राहून शिकतात. फादर लॅन्सी हॉस्टेलचे प्रमुख, वसईकडचे, पन्नाशीचे, सडपातळ. ते स्वतः मुलांना गणित शिकवतात आणि सकाळची भाकरीही थापतात, हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी मी पश्चिमेची सगळी भिंत तपासली. कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर ओलीचे डाग होते, एका ओळीत, ठरावीक अंतरावर. त्यावर हातोडी मारली की पोकळ वाजायचं. ज्या तुळया या भिंतीत शिरत होत्या त्यांच्या टोकांना मीटर लावला, तर तिथेही आकडा स्केलबाहेर. लाकडाचं टोक भिंतीच्या आत कुजलं की बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस मजला खाली येतो. मी मधोमध उभी राहून टाचेवर उडी मारली. जमीन थरथरली.

तुळईचं टोक खरंच कुजलंय का हे बघायचा साधा उपाय आहे. बारीक ड्रिलने भोक पाडायचं आणि भुसा बघायचा. मी ते केलं नाही. पावसाळ्यापूर्वी माझ्या टेबलावर रिपोर्टांचा ढीग असतो, ड्रिलवाला दुसऱ्या साइटवर होता, आणि मीटरचे आकडे समोर होते. खरं सांगायचं तर अजून एक कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका बिल्डिंगला मी सी-टू-बी दिलं होतं आणि दोन महिन्यांत तिची एक बाल्कनी खाली आली. खाली कुणी नव्हतं. पण तेव्हापासून माझा हात सी-वनकडे जरा लवकर जातो. ऑफिसातली मुलं मागे मला "सी-वन मॅडम" म्हणतात. मला माहीत आहे.

मी फादरना तिथेच सांगून टाकलं. इमारत रिकामी करावी लागेल, सोमवारी रिपोर्ट देते.

ते भांडले नाहीत. खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. जूनमध्ये परत येणाऱ्या मुलांची यादी होती.

"परीक्षा संपवून सगळे घरी गेलेत," ते म्हणाले. "जूनमध्ये हॉस्टेल उघडलं नाही तर यातली किती परत येतील, मी सांगू? दहा. बाकीचे वीटभट्टीवर. नववीतले तर नक्कीच."

"फादर, मजला त्यांच्या अंगावर पडला तर एकही येणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले आणि यादी परत खिशात ठेवली. मला ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता, पण तुळयांना तोवर टेकू लावणं भाग होतं. त्यासाठी मी नवघरच्या काशिनाथ पाटलांना बोलावलं. वय बाहत्तर. घराण्याची पूर्वी मिठागरं होती आणि भातशेती. आता मुलगा टेम्पो चालवतो, आणि काशिनाथकाका परांची, टेकू आणि चुन्याचं गवंडीकाम करतात. चुन्याचं काम जाणणारा त्यांच्याइतका माणूस आमच्या भागात दुसरा नाही. चुना भिजवल्यावर तो आठ दिवस कुणाला हात लावू देत नाहीत, मालकालासुद्धा नाही.

शनिवारी मी दुपारी पोचले तेव्हा काका आणि त्यांची माणसं जेवून उठली होती. बाकीचे सावलीला आडवे झाले होते. काका खालच्या भिंतीकडे तोंड करून ताठ उभे होते, हातात स्टीलचा पेला.

"काका, टेकू किती लागले?"

उत्तर नाही. मी जवळ जाऊन पुन्हा विचारलं. त्यांनी मागे न बघता डावा हात वर केला. वाहतूक पोलीस करतो तसा. मग गुळण्यांचा आवाज आला. सावकाश, पाच-सहा गुळण्या. मी उन्हात उभी. बत्तीस वर्षं साइटवर काढली, पण मला असं हात दाखवून थांबवणारा पहिलाच माणूस. काकांनी पेला विसळला, खिशातली मिठाची डबी बंद केली, आणि मग वळून हसले.

"नव टेकू लागलं, बाय. आता बोला."

"आधी का नाही बोललात?"

"मिठाच्या पान्यानं तोंड धुताना बोलाचं न्हाय. आमचे घरान कोनच बोलत न्हाय. बापसाची शिस्त. तो हितंच शिकला ना, या बोर्डिंगला. सतरा नंबर."

मी फारसं लक्ष दिलं नाही. घाईत होते. पण जिना चढताना ते माझ्या मागून बोलत राहिले आणि मला ऐकावं लागलं. त्यांचे आजोबा मिठागरवाले. मीठ खात्याच्या साहेबाशी बोलायला घरात इंग्रजी येणारा एक तरी पोरगा असावा, म्हणून त्यांनी आठ वर्षांच्या मुलाला, म्हणजे काकांच्या वडिलांना, या धर्मगुरूंकडे ठेवलं. घरचे सगळे विरोधात होते. पोरगा बाटेल म्हणत होते. पोरगा काही बाटला नाही. मॅट्रिक होऊन मीठ खात्यातच कारकून झाला, अक्षर मोत्यासारखं आणि सवयी सगळ्या बोर्डिंगच्या. अंथरुणाची घडी चौकोनी, जेवताना तोंड बंद. वडिलांची पत्र्याची पेटी अजून काकांच्या घरी आहे, वर १७ रंगवलेलं. आत आता गोधड्या.

"मारत होते का हो इथे?" मी विचारलं.

"तो बोलायचा, मार पन खाल्ला, पेज पन खाल्ली. जास्ती कवा सांगला न्हाय."

वर गेलो. मी भिंतीसमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. डाग लहान झाले होते. पहिल्या दिवशी सकाळी तळहाताएवढे होते ते आता रुपयाएवढे.

"मी तेच सांगनार व्हतू," काका म्हणाले. "सकाली आलू तवा भित वली. आता सुकली. मी दोन दिवस बगतंय. पान्याची भित अशी करत न्हाय, बाय. पानी आतून येतं तं दुपारीपन येतं. ही मिठाची गोनी करते तसं करते. सकाली पाझरते, उनान सुकते."

मग मी असं काही केलं जे कुठल्याही कोडबुकात नाही. भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं.

खारट. भाजीत मीठ दोनदा पडलं की लागते तशी भिंत.

आता हे मीटरचं सांगते. मीटरला दोन पिना असतात. तो एका पिनेतून बारीकसा करंट सोडतो आणि दुसरीपर्यंत किती पोचतो ते मोजतो. ओल्या भिंतीतून करंट झटकन जातो, कोरडीतून जात नाही. पण खारट भिंतीतूनही झटकन जातो. ओल आणि मीठ यातला फरक मीटरला कळत नाही, तो दोन्हीला ओलच म्हणतो. शिवाय मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेतं, म्हणून सकाळी डाग मोठे आणि दुपारी लहान. हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. समुद्राजवळच्या गावात, मिठागरांच्या शहरात, भिंतीत मीठ असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. कारण समुद्राचं मीठ भिंतीला बाहेरून लागतं, आणि सगळीकडे लागतं. हे आतून होतं, छातीच्या उंचीवर, ओळीत.

"फादर," मी खाली हाक मारली, "या खोलीत पूर्वी मीठ ठेवायचे का?"

फादर वर आले. त्यांना माहीत नव्हतं. पण ऑफिसच्या कपाटात पहिल्या रेक्टरांनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्य धर्मगुरूंनी, स्वतःच्या हाताने लिहिलेली नियमांची वही आहे, असं म्हणाले. ती घेऊन आले. आम्ही तिघं खाटेवर बसलो आणि फादर इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले.

साडेपाचला घंटा. घंटा झाल्यावर नाश्त्यापर्यंत कुणी बोलायचं नाही. झोपायच्या खोलीत मुलाला नाव नाही, नंबर. कपड्यावर नंबर, पेटीवर नंबर, खाटेवर नंबर. जेवताना एक मुलगा उभा राहून संतांची चरित्रं मोठ्याने वाचणार, बाकीचे ऐकत जेवणार. वाचणाऱ्याला नंतर गरम वाढायचं, अशी खास नोंद. रोज इंग्रजीतच बोलायचं, मराठीला गुरुवारची दुपार आणि रविवार. रविवारी घरी पत्र, पण पाकीट बंद न करता द्यायचं. हिंदू मुलांनी धर्माच्या तासाला चित्रकला करायची.

"आज मी हे नियम लावले तर पालक मलाच कोपऱ्यात उभं करतील," फादर म्हणाले आणि पान उलटलं. मग ते थांबले. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. प्रत्येक मुलाने भिंतीकडे तोंड करून, आपल्या नंबरासमोर उभं राहून, सकाळी आणि जेवणानंतर मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. न बोलता. ज्यांची मिठागरं आहेत त्या पालकांकडून मीठ यावं. मुलाचं मीठ त्याच्या नंबराखालच्या कोनाड्यात राहील.

"कुठला कोनाडा?" मी म्हटलं. भिंत तर सपाट होती.

काका आधीच उठले होते. त्यांनी छन्नी लावली आणि जिथे पोकळ वाजत होतं तिथे एक ठोका दिला. सिमेंटच्या प्लास्टरची खपली ताटाएवढी निघून आली. मागे जुना चुन्याचा गिलावा आणि त्यात विटांच्या तुकड्यांनी बुजवलेला ओंजळभर कोनाडा. त्याच्या वर काळ्या रंगात इंग्रजी आकडा. २३. पूर्वीच्या कुणीतरी ओल थांबवायची म्हणून चांगल्या मनाने सिमेंट मारलं होतं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आतलं मीठ बाहेर पडायला वाट शोधतं आणि प्लास्टरला ढकलत राहतं. म्हणून ते पोकळ वाजत होतं. कित्येक पावसाळे या कोनाड्यांत मीठ पाझरलं आणि भिंत ते पीत राहिली, इतकी साधी गोष्ट होती.

काका एकेक ठोका देत बाजूला सरकत गेले. २२, २१, २०. मी त्यांना थांबवू शकले असते, कारण प्लास्टर कुठपर्यंत काढायचं हे मी ठरवते. थांबवलं नाही. सतरा नंबर खिडकीशेजारी निघाला. त्यांनी विटेचे तुकडे बोटांनी उकरले. आत मातीचं बोळकं होतं, फुटकं, आणि त्याच्या तळाला दगडासारखा घट्ट झालेला करडा खडा. काकांनी तो जिभेला लावला.

"आमचे आगराचं हाय," ते म्हणाले.

मिठाच्या चवीवरून आगर ओळखता येतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आठ वर्षांचा मुलगा, नाव बाजूला ठेवून नंबर घेतलेला, आणि रोज दोनदा घरचं मीठ तोंडात.

भावना बाजूला ठेवून काम करावं लागतं. तुळया अजून बाकी होत्या. कोनाडे सापडले म्हणून मजला मजबूत होत नाही. मी फोन करून ड्रिलवाल्याला आहे त्या साइटवरून उठवून आणला. प्रत्येक टोकाला एक बारीक भोक. पहिल्या भोकातून भुसा बाहेर आला तो हातावर घेतला. कोरडा, सोनेरी, सागाचा वास येणारा. दुसरा तसाच. एकूण अठरा टोकं, अठरा वेळा मी वास घेतला. उलट मिठाने लाकडाला वाळवी आणि बुरशीपासून जपलं होतं. जमीन थरथरत होती त्याचं कारणही सापडलं. तुळयांमधले आडवे ठोकळे कुणीतरी पंख्यांचं वायरिंग करताना कापून टाकले होते. भिंतीचा नमुना लॅबला पाठवला. तिथे तो भट्टीत वाळवून आधीचं आणि नंतरचं वजन केलं, तर पाणी नावाला होतं. त्याच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले तर ते दुधासारखं पांढरं झालं. पांढरं झालं की मीठ.

सोमवारचा रिपोर्ट मी बुधवारी दिला. वर्ग सी-टू-बी. सिमेंट काढायचं, मीठ ओढून घ्यायला भिंतीला कागदाच्या ओल्या लगद्याचे लेप द्यायचे, मग चुन्याचा गिलावा, आणि तुळयांमध्ये नवे ठोकळे. माझा तोंडी दिलेला सी-वन कुणाच्या कागदावर नव्हता. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण फादरनी ते शब्द ऐकले होते आणि तीन रात्री त्यांनी त्या यादीसोबत काढल्या होत्या. म्हणून शेरा लिहिला: पहिल्या पाहणीतला निष्कर्ष मागे घेतला आहे, कारण, इंजिनिअरने तुळया ड्रिल न करता मत दिलं.

पालिकेच्या इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, शेरा चुकून राहिलाय का? काढू?"

"राहू दे," मी म्हटलं. ऑफिसातल्या मुलांनी तो वाचला. आता मागे काय म्हणतात माहीत नाही, पण सी-वन मॅडम म्हणत नाहीत.

काकांनी चुना आठ दिवस भिजवला. फादर रोज येऊन झाला का विचारायचे आणि काका रोज हात वर करायचे. काम जूनच्या पहिल्या आठवड्यात आटोपलं. सगळ्या भिंतीला गिलावा झाला, फक्त खिडकीशेजारची चार फुटांची पट्टी फादरनी तशीच उघडी ठेवायला सांगितली. १६, १७, १८.

हॉस्टेल उघडलं त्या दिवशी मी मुद्दाम गेले. निमित्त काढलं की गिलाव्याला भेगा पडल्यात का बघायचंय. जिन्यावर पेट्या चढत होत्या, कुणाची आई रडत होती, आणि वरच्या जमिनीवर बेचाळीस मुलं धावत होती. मी मधोमध उभी राहिले. जमीन हलली नाही. फादरनी यादी दाखवली, प्रत्येक नावापुढे टिक होती. पूर्ण नावापुढे, नंबरापुढे नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

धडा एवढाच. मीटर विकत मिळतो, पण भिंतीसमोर आपण उभं राहायचं असतं. आता मी पिना टोचण्याआधी भिंतीला बोट लावते आणि चाखते. नवी मुलं हसतात, हसू देत. आणखी एक झालंय. सकाळी मीही मीठपाण्याच्या गुळण्या करते, भिंतीकडे तोंड करून. त्या वेळी नवऱ्याने काही विचारलं तर हात वर करते. तो म्हणतो, तीस वर्षांत तुझ्या कुठल्याही ऑडिटचा या घराला एवढा फायदा झाला नव्हता.